तीनदा गॅस भरला तरी एसी गरमच... वाडीच्या चाचांकडचा अनुभव

दुकानाचं नाव विचारू नका, कारण नावच नाहीये. नागपुरातून अमरावती रोडनं वाडीत शिरलं की ट्रकवाल्यांच्या गॅरेजांच्या रांगेत एक टिनाचं शेड आहे, समोर कडुलिंब, आणि पत्र्यावर पेंटनं 'कार ए.सी.' एवढंच लिहिलंय, त्यातला 'र' पण अर्धा उडालाय. चालवणारे साठीच्या पुढचे आहेत, सगळा मोहल्ला चाचा म्हणतो म्हणून मी पण चाचाच म्हणतो. हाताखाली दोन पोट्टे. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची आहे आणि ती पण बहुतेक वेळा चाचांकडेच असते.

गाडी माझी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ८७ हजार किलोमीटर झालेली. एप्रिलच्या शेवटी अमरावतीला लग्न होतं, सकाळी साडेदहाला निघालो, मागे आई-बाबा, पुढे बायको, बर्फासारखा एसी चालू आणि कोंढाळी यायच्या आत अचानक हवा कोमट, मग सरळ गरम. बाहेर ४३. आईनं पदर ओला करून डोक्यावर घेतला आणि बाबा म्हणे काच उघड, काच उघडली तर भट्टीचं दार उघडल्यासारखी लू आत. कोंढाळीला चहाला थांबलो अर्धा तास, परत गाडी सुरू केली तर एसी एकदम थंड! मला वाटलं झालं ठीक. पुढे वीस-पंचवीस मिनिटांत परत तेच. लग्न कसंबसं झालं, परतीचा प्रवास रात्री अकरानंतर केला.

आता इथून पुढे आपण सगळे जे करतो तेच मी केलं. घराजवळच्या एका एसीवाल्याकडे गेलो, त्यानं बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, 'गॅस कमी झाला.' १२०० रुपये घेतले, कॅननं गॅस टाकला, आतल्या जाळीपुढे हात धरून बघ म्हणाला, खरंच थंडगार होतं. आठ दिवसांनी वर्ध्याला गेलो तर बुटीबोरीच्या पुढे परत गरम. दुसरा एसीवाला. तो म्हणे आधीच्यानं कमी टाकला, अजून १२००. तिसऱ्यानं जुना गॅस थोडा फुस्सकन हवेत सोडला, नवीन टाकला, त्यात काय काय 'क्लीनिंग' जोडून १८०० घेतले. मग कंपनीच्या एका सर्व्हिस सेंटरला नेली (कोणतं ते राहू द्या), तिथं स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड एकही नाही, तरी अॅडव्हायझरनं एस्टिमेट हातात दिलं, कॉम्प्रेसर (गॅस दाबून पुढे ढकलणारा पंप) बदलावा लागेल, लेबर धरून २४ हजार. मी विचारलं कॉम्प्रेसर गेला हे कशावरून ठरवलं, तर म्हणाला सर आवाज येऊन राहिला. आवाज तर मला पण येत होता, पण तो त्याच्या शेजारच्या गाडीचा होता.

ऑफिसातल्या एका मित्रानं चाचांचा पत्ता दिला आणि वर बजावलं, बोलणं मनावर घेऊ नको.

पहिल्या दिवशी तर त्यांनी गाडी घेतलीच नाही. मी पोचलो, एसी लावून दाखवला, ते म्हणाले, 'आत्ता थंड येते ना? मग मी काय पाहू? तापलेला पेशंट आण भाऊ, बरा पेशंट काहून आणला?' मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण मग त्यांनी जे विचारलं ते आधीच्या चौघांपैकी एकानं पण विचारलं नव्हतं. म्हणाले, गरम होते तेव्हा हवा कमी होते की हवा तेवढीच येते पण गरम येते? मी गप्प, कारण मी हे बघितलंच नव्हतं. दुसरा प्रश्न, सिग्नलला उभा असतो तेव्हा जास्त त्रास का चालत्या गाडीत? तिसरा, बंद करून किती वेळ ठेवली की परत थंड होते? हे तीन बघून ये, उद्या सकाळी ये, गाडी दिवसभर ठेवायची तयारी ठेव. झालं. पैसे शून्य.

त्या रात्री मी मुद्दाम रिंग रोडला तासभर गाडी फिरवली, बायको म्हणाली वेड लागलं याला. पण कळलं. हवेचा जोर तसाच राहतो, फक्त गरम होते. सिग्नलशी संबंध नाही, उलट सलग चालवली की जास्त. आणि वीसेक मिनिटं बंद ठेवली की परत थंड.

या तीन प्रश्नांचं मोल मला दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली उभा राहून समजलं, चाचा काम करता करता बडबडत होते आणि मी अडाण्यासारखा विचारत होतो. सिग्नलला गरम आणि रस्त्याला लागलं की थंड असं असेल तर पहिला संशय कंडेन्सरच्या पंख्यावर, म्हणजे रेडिएटरच्या पुढे जी जाळी असते तिला हवा मारणारा पंखा, कारण गाडी पळत असली की वाऱ्यानंच ती जाळी गार होते, उभी राहिली की पंखाच लागतो. माझं उलटं होतं. हवेचा जोरच हळूहळू कमी होत असेल तर डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल बर्फानं जाम होते, बहुतेक वेळा तिथला थर्मिस्टर म्हणजे तापमान बघणारा सेन्सर बिघडलेला असतो, तो कॉम्प्रेसरला वेळेवर थांब म्हणत नाही, बर्फ साचत जातो, बंद ठेवलं की वितळतो आणि एसी परत चालू. माझ्याकडे हवा कमी होतच नव्हती, म्हणजे हे पण बाद. तिसरं, कोणी सिस्टीम उघडून व्हॅक्यूम न करता, म्हणजे आतली हवा-ओल पंपानं ओढून न काढता, गॅस भरला असेल तर आत ओल राहते आणि तो पाण्याचा थेंब एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकात गोठून बसतो, मग गॅस पुढे जातच नाही, थोड्या वेळानं बर्फ सुटतो, परत चालू. हे लक्षण अगदी माझ्यासारखंच, आणि तिसऱ्या एसीवाल्यानं गाडी अशीच उघडली होती, त्यामुळे चाचांचा पहिला डाव यावर होता. तसं असलं तर बंद पडायच्या क्षणी गेजचा लो साइडचा, म्हणजे कमी प्रेशरच्या बाजूचा, काटा खाली व्हॅक्यूमकडे पळेल, म्हणाले. चौथं कारण त्यांनी सांगितलं नाही, बघू म्हणाले.

प्रेशर मोजायचे गेज लावले. निळा लो साइडला, लाल हाय साइडला. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन सुरू करायच्या आधीच दोन्ही काटे १०० पीएसआयच्या थोडे वर. मी म्हटलं हे बरोबर आहे का, तर म्हणाले आत आर १३४ए नावाचा गॅस आहे, बंद गाडीत त्याचं प्रेशर बाहेरच्या तापमानावर ठरते, सकाळी ३०-३२ डिग्री आहे तर एवढंच पाहिजे, यावरून एवढंच कळते की सिस्टीम रिकामी नाही, आत किती ग्रॅम आहे ते यावरून कळत नाही, ते वजनानंच कळते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

मग इंजिन चालू, एसी फुल, आतली हवा फिरती, ब्लोअर मोठा, आरपीएम १५०० वर धरायला एक पोट्टा सीटवर बसवला, डॅशच्या जाळीत दांडीचा थर्मामीटर खोचला. ऊन चढत गेलं. दुपारी एकला सावलीत ४३. लो साइड ५८, हाय साइड ३३० दाखवत होता आणि जाळीत १५ डिग्री. चाचांनी नाक मुरडलं. दोन्ही आकडे जास्त आहेत म्हणे. पंखा चालू, कंडेन्सरची जाळी पाण्यानं धुतली, तरी फरक थोडाच. तेव्हाच त्यांनी विचारलं, किती वेळा गॅस भरला? मी सांगितलं. ते हसलेच.

आणि मग ते झालं ज्यासाठी सकाळपासून बसलो होतो. पोट्टा आतून ओरडला, चाचा, गरम! मी बोनेटकडे धावलो. लो साइडचा काटा व्हॅक्यूमकडे नाही गेला, तो वर चढायला लागला आणि लाल खाली यायला लागला, दोन्ही एकमेकांकडे सरकत १५० च्या जवळपास येऊन थांबले. म्हणजे आत कोणी ढकलतच नाहीये, कॉम्प्रेसर फिरतच नाहीये. चाचांनी बोट दाखवलं. बेल्ट फिरतोय, पुली फिरतेय, पण पुलीच्या पुढची गोल चकती मात्र ढिम्म उभी. ती कॉम्प्रेसरच्या क्लचची प्लेट, कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारी-सोडणारी. एसी चालू झाला की क्लचच्या कॉइलच्या चुंबकानं ती पुलीला चिकटायला पाहिजे, 'टक' आवाज येतो तो तोच. त्यांनी वायरला मल्टिमीटर लावला, १३.६ व्होल्ट येतात. म्हणजे फ्यूज बरा, रिले बरा, प्रेशर स्विच बरा, थर्मिस्टर बरा, वरून हुकूम येतोय, चकतीच ऐकत नाही. मग झाडूचा लांब लाकडी दांडा घेऊन त्यांनी त्या चकतीला नुसतं टेकवलं. टक! दोन मिनिटांत थर्मामीटर खाली यायला लागला. (हे घरी करू नका, फिरता बेल्ट आहे, त्यांनी पोट्ट्यांना पण करू दिलं नाही.)

मला खरं तर टाळ्या वाजवाव्या वाटल्या. २४ हजारांचा कॉम्प्रेसर झाडूच्या दांड्यानं चालू झाला.

कारण असं. प्लेट आणि पुली यांच्यात बारीक फट ठेवलेली असते, माझ्या गाडीला साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर पाहिजे. दहा-अकरा वर्षं हजारो वेळा चिकटून-सुटून दोन्हीकडचं लोखंड झिजतं आणि फट वाढते. फिलर गेज घालून मोजली तर ०.९५. थंड असताना कॉइलमध्ये दम असतो, एवढ्या लांबून पण प्लेट ओढून घेते. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. सकाळी त्यांनी मोजला होता ३.६ ओहम, बंद पडल्यावर मोजला ४.६. त्याच व्होल्टेजला करंट जवळजवळ पावणेचार अँपिअरवरून तीनच्या खाली. चुंबक तेवढा अशक्त. आणि गंमत म्हणजे एकदा चिकटलेली प्लेट धरून ठेवायला फार ताकद लागत नाही, म्हणून एसी लगेच जात नाही, पण डॅशबोर्डातली कूलिंग कॉइल पुरेशी गार झाली म्हणून थर्मिस्टरनं कॉम्प्रेसर क्षणभर थांबवला की परत ओढताना दम पुरत नाही. म्हणून अर्धा-पाऊण तास सलग चालवल्यावरच. म्हणून शहरातल्या पंधरा मिनिटांच्या ऑफिसच्या रस्त्याला कधीच नाही. म्हणून चहाला थांबलो की बरा.

आणि म्हणूनच तिन्ही वेळा गॅस भरल्यावर थंड वाटलं! गाडी तिथं पाऊण तास बोनेट उघडं ठेवून उभी, क्लचची कॉइल गार, गॅस भरून चालू केला की टक, थंड, चला १२०० काढा. त्या लोकांनी फसवलं असं पण मी म्हणणार नाही, त्यांना पण खरंच वाटलं असेल की बरा झाला, कारण बिघडलेला एसी त्यांच्यापैकी एकानंही बघितलेला नव्हता. चौघांनी चालू एसी दुरुस्त केला. चाचांनी पहिल्या दिवशी मला हाकललं ते यासाठी, आणि मी त्यांना उद्धट समजलो.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. मधला बोल्ट काढला, प्लेट बाहेर, आतल्या दांड्यावर पातळ चकत्या असतात, शिम म्हणतात त्यांना, त्यातली अर्ध्या मिलिमीटरची एक काढली, प्लेट परत बसवली, सगळीकडून गेज फिरवून ०.४५ आहे का पाहिलं. प्लेट किती घासली आहे ते पण दाखवलं, निळसर डाग होते कारण बहुतेक ती मधे मधे घसरून तापत होती. दोन-तीन वर्षं काढेल म्हणाले, मग क्लच सेट बदलावा लागेल, आत्ता गरज नाही. आत्ता गरज नाही असं सांगणारा मेकॅनिक मला आठवत नाही कधी भेटलेला.

मग गॅस. रिकव्हरी मशीन आहे त्यांच्याकडे, त्या शेडमध्ये सर्वात स्वच्छ वस्तू तीच, वर चादर घातलेली असते. आतला सगळा गॅस ओढून काट्यावर मोजला, ५१० ग्रॅम. बोनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिलंय ४०० ग्रॅम. तीन जणांनी अंदाजानं कोंबलेला. जास्त गॅस म्हणजे जास्त थंडी असं आपल्याला वाटतं, पण कंडेन्सरमध्ये जागाच राहत नाही, प्रेशर चढतं, कॉम्प्रेसरवर आणि त्याच बिचाऱ्या क्लचवर जोर येतो आणि थंडी उलट कमी होते. ४५ मिनिटं व्हॅक्यूम ओढला, पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा हलतो का पाहिला, हलला नाही म्हणजे मोठी गळती नाही, जॉइंटवर पण कुठं तेलकट धूळ नव्हती. गॅस लीक होतो तेव्हा सोबत थोडं कॉम्प्रेसरचं तेल पण येतं आणि त्यावर धूळ बसते, तो काळा ओशट डाग शोधायचा, हे आता मी पण शिकलो. 'गॅस काही पेट्रोल नाही जळून संपायला,' हे त्यांचं आवडतं वाक्य, दिवसभरात तीन गिऱ्हाइकांना ऐकवलं. कमी झाला असेल तर कुठून गेला ते शोध, नुसता भरू नको. रबरी पाइपातून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो ते वेगळं, पण आठ दिवसांत संपला म्हणजे भोक आहे.

हवेत सोडण्याचा विषय निघाला तेव्हा चाचा जरा तापलेच. नव्वदच्या दशकात त्यांनी आर १२ या जुन्या गॅसवर काम सुरू केलं, तो ओझोनला खातो म्हणून बंद झाला, हा १३४ ओझोनला खात नाही पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त भारी आहे, आणि पोट्टे फुस्सकन सोडून देतात, मग म्हणतात उन्हाळा वाढून राहिला. काही नव्या गाड्यांत १२३४वायएफ नावाचा गॅस येतो, महाग आहे, तो त्यांच्याकडे नाही, तसं सरळ सांगतात.

४०० ग्रॅम मोजून भरल्यावर त्याच उन्हात लो ४२, हाय २६०, जाळीत ९ डिग्री. त्यांनी तरी गाडी दिली नाही. अजून एक तास तशीच चालू ठेवली, क्लच दर वेळी उचलतो की नाही ते ऐकत बसले, अक्षरशः खुर्चीवर डोळे मिटून. मला वाटलं झोपले. मधेच म्हणाले, बारा झाले. बारा वेळा टक झालं होतं.

बिल: क्लचचं ४५०, गॅस-व्हॅक्यूम १४००, कंडेन्सर धुणं ३००, एकूण २१५०. म्हणजे आधी तीन ठिकाणी घातलेल्या ४२०० च्या जवळपास अर्धं.

आता वाईट बाजू, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर भावकी आहे वाटेल. फोन उचलत नाहीत. पूर्ण दिवस जातो, आणि तिथं सावली म्हणजे तो एक कडुलिंब, मे महिन्यात पाणी स्वतःचं न्या, बायका-पोरांना घेऊन जाऊ नका. पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर आकडे, यूपीआय चालतं. सीटवर ग्रीसचा पंजा उमटला होता, तो मी अजून घासून राहिलो. आणि एक खरी चूक, घरी येऊन पाहिलं तर हाय साइडच्या व्हॉल्व्हचं प्लास्टिकचं झाकण लावलंच नव्हतं, आत वॉल्व्ह असतो म्हणून लगेच काही होत नाही पण धूळ जाते आणि गॅस झिरपू नये म्हणून ते झाकणच शेवटचा बंदोबस्त असतो. दुसऱ्या दिवशी परत वाडी. झाकण पोट्ट्याच्या खिशात होतं! चाचांनी त्याला असं झापलं की मलाच वाईट वाटलं.

हे पण लक्षात घ्या की बऱ्याच नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लचच नसतो, आतल्या वॉल्व्हनं कमी-जास्त होतो, तिथं ही शिमची गोष्ट लागू नाही, चाचा स्वतःच अशा काही गाड्या परत पाठवतात.

नवतपा लागल्यावर मी मुद्दाम भर दुपारी अमरावतीला जाऊन आलो, आई-बाबांना घेऊनच. कोंढाळी आली तेव्हा गाडीत कोणीच बोलत नव्हतं, सगळे त्या जाळीकडे पाहत होते. तळेगाव गेलं तेव्हा आई म्हणाली, जरा कमी कर, पाय गार पडले.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या झाकणाचा कापला. शुक्रवारी दुपारी एक ते तीन बंद असतं, सकाळी नऊच्या आत पोचा कारण दिवसाला तीन-चारच गाड्या घेतात, आणि जायच्या आधी ते तीन प्रश्न पाठ करून जा, नाहीतर तुम्हाला पण परत पाठवतील.